बाळंतिणीला दहा प्रश्न: बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाळणी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात लसीकरणाच्या दिवशी मी समुपदेशक म्हणून बसते. बाळ दीड महिन्याचं झालं की लसीला येतं, तेव्हा त्याच्या आईच्या हातात मी एक पानी कागद देते. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यातली असो की मांजलपूरच्या फ्लॅटमधली, कागद बघून प्रत्येकीच्या चेहऱ्यावर तोच भाव येतो: लस बाळाची, मग परीक्षा माझी का? त्या कागदावरून आया, सासवा, नवरे आणि एकदा खाली थांबलेले रिक्षावाले काकासुद्धा जे विचारून गेले, ते इथे उत्तरांसकट लिहिते आहे.

हा कागद नेमका कशाचा आहे?

याला एडिंबरा प्रश्नावली म्हणतात. जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सागोव्स्की या तिघांनी ती स्कॉटलंडमध्ये तयार केली आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. प्रश्न दहा, प्रत्येकाला चार उत्तरं, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण. म्हणजे एकूण ३०. फक्त आजचं नाही, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं ते सांगायचं. पाचेक मिनिटं लागतात, बाळ मधे उठलं तर पंधरा.

यातली मला आवडणारी गोष्ट अशी, की थकवा येतो का, भूक लागते का, असलं काही ती विचारतच नाही. दर दोन तासांनी पाजायला उठणारी बाई थकणारच, त्याला गुण काय द्यायचे? झोपेबद्दल एक प्रश्न आहे, पण तोही ‘मन इतकं दुःखी होतं की झोप येत नव्हती’ असा. बाळाने झोपू दिलं नाही ते यात धरायचं नाही. भरताना एवढं लक्षात ठेवा, पुष्कळजणी तिथेच चुकतात.

म्हणजे मला डिप्रेशन आहे की नाही हे यावरून कळेल?

नाही. चाळणीने पीठ चाळता येतं, पोळी भाजता येत नाही. निदान डॉक्टर बोलून, विचारून करतात.

जरा आकडेमोड करू. २०२० मध्ये जगभरच्या ५८ अभ्यासांमधली, पंधरा हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र करून ही प्रश्नावली तपासली गेली. ११ किंवा जास्त गुणांना ‘पुढे बघायला हवं’ असं म्हटलं, तर खरोखर नैराश्य असलेल्यांपैकी ८१ टक्के सापडल्या आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के बरोबर सुटल्या. ऐकायला झकास. आता माझ्यासमोर १०० आया आहेत आणि त्यातल्या १० जणींना खरंच नैराश्य आहे असं धरा. चाळणीत ८ सापडतील, २ निसटतील. उरलेल्या ९० पैकी साधारण ११ जणींचे गुणही ११ किंवा जास्त येतील, त्यांना नैराश्य नसताना. म्हणजे मी १९ जणींना थांबवते आणि त्यातल्या ८ जणीच खऱ्या. म्हणून गुण जास्त आले की घाबरू नका आणि कमी आले की निर्धास्त होऊ नका, असं मी दोन्ही बाजूंनी सांगत असते. तुमच्या मनाला पटत नसेल तर गुण ४ असले तरी बोला.

कुणी १० म्हणतं, कुणी १३. खरी रेघ कुठली?

मूळ अभ्यासात १३ च्या आसपासची होती. रेघ खाली आणली की जास्त जणी सापडतात आणि उगाच थांबवलेल्याही वाढतात, वर नेली की उलटं. गोव्यात कोंकणीतून ही प्रश्नावली वापरली तेव्हा १२ ची रेघ धरली होती. मी स्वतः १० पासून बोलायला सुरुवात करते, कारण माझ्याकडे बोलायला वेळ आहे. १० ते १२ असतील तर दोन आठवड्यांनी पुन्हा कागद भरायला बोलावते.

माझे गुण २१ आले, पण मला तर काहीच होत नाहीये!

आधी कागद बघू या. सगळ्या प्रश्नांना पहिल्याच पर्यायावर खूण केली आहे का? पहिला, दुसरा आणि चौथा प्रश्न सोडला तर बाकी सात प्रश्नांत पर्याय उलटे लावलेले असतात, सगळ्यात वाईट उत्तर सगळ्यात वर. त्यामुळे वरून खाली पहिल्याच पर्यायावर टिका मारत गेलं की बरोब्बर २१ गुण होतात. आणि शेवटच्या पर्यायावर मारत गेलं की ९.

एकीने असंच केलं होतं. ‘मी नेहमीसारखीच हसते’ यालाही टिक आणि ‘बहुतेक वेळ रडत असते’ यालाही टिक. विचारलं तर म्हणाली, “बाळ किंचाळत होतं, मला वाटलं पहिलं उत्तर चांगलंच असणार.” बसवलं, एकेक प्रश्न वाचून दाखवला, गुण ५ आले. म्हणून बरोब्बर २१ किंवा ९ दिसले की मी आधी टिकांची रांग बघते.

घरी आम्ही मराठी बोलतो, पण शाळा गुजराती मीडियमची. कुठल्या भाषेत भरू?

जी वाचताना अडखळत नाही त्या भाषेत. बडोद्याच्या मराठी घरांत हा प्रश्न रोजचा आहे. आजी देवनागरी पोथी वाचते, नात मराठी फाडफाड बोलते पण कागद दिला की म्हणते, “ताई, गुजरातीमध्ये नाही का?” आम्ही दोन्ही ठेवतो. ज्यांना वाचायचंच नाही त्यांना मी वाचून दाखवते, पण मग पर्यायांसकट आणि जसंच्या तसं. ‘हसताबिसता ना नीट?’ असं मोघम विचारलं की त्या प्रश्नातला जीवच जातो.

खरी अडचण शब्दांची आहे. सहावा प्रश्न मूळ इंग्रजीत एका वाक्प्रचारावर उभा आहे. त्याचा शब्दशः तर्जुमा केला तर काही तरी डोक्यावर चढून बसल्यासारखं होतं. ‘कामं अंगावर आल्यासारखी वाटतात का?’ असं विचारलं की बाई लगेच मान डोलावते. ‘उदास’ हा शब्द तर बहुतेक जणी वापरतच नाहीत. त्या म्हणतात, गमत नाही. करमत नाही. जीव घाबरतो. डोकं भणभणतं. गुजराती शेजारात वाढलेली म्हणते, मूंझारो होतो. आणि एक वाक्य सगळ्यांत वरचढ: “काही नाही हो ताई, बस, कशात जीव नाही.” हे ‘काही नाही’ ऐकलं की मी पेन खाली ठेवते. गुण मोजण्याआधी हे शब्द कागदाच्या कडेला लिहून ठेवायची मला सवय आहे. डॉक्टरांना ते आकड्यापेक्षा जास्त सांगतात असा माझा अनुभव.

सासूबाई शेजारी बसल्या तर चालेल ना? आम्हा दोघींचं छान जमतं.

जमत असेल, तरी नको. आईसुद्धा नको, नवराही नको.

या सगळ्या प्रकारात मला ठामपणे सांगायची एकच गोष्ट आहे ती ही: कागद किती चांगला आहे याने फार फरक पडत नाही, भरताना खोलीत कोण होतं याने पडतो. ‘माझी काही चूक नसताना मी स्वतःला दोष देते’ या प्रश्नापाशी आलेली मुलगी पेन उचलून आधी कुणाकडे बघते हे मी बघत असते. सासूकडे बघितलं, की पुढच्या सगळ्या टिका ‘कधीच नाही’ वर जाणार. सासू वाईट असते म्हणून नव्हे. तीच तर पहाटे अळिवाची खीर करते, डिंकाच्या लाडवांचा डबा भरते, शेजारच्या बेनने पाठवलेलं काटलं, म्हणजे गुजराती बाळंतिणीचा खुराक, वेळेवर खायला लावते. एवढं करणाऱ्या बाईसमोर ‘मला आनंद होत नाही’ कसं लिहायचं? तो उघड उघड कृतघ्नपणा वाटतो.

म्हणून आम्ही एक साधी युक्ती करतो. वजनकाटा पलीकडच्या खोलीत ठेवला आहे. “आजी, जरा बाळाचं वजन करून आणता का? नर्सताई आहेत तिथे.” आजी खुशीत उठते, नातवाचं वजन बघायला कुणाला आवडत नाही! तेवढी सात-आठ मिनिटं आईची. एक मुलगी आजी उठेपर्यंत सहा प्रश्न भरून बसली होती, सगळीकडे शून्य. दार लागल्यावर म्हणाली, “दुसरा कागद द्याल का?” दुसऱ्यावर १७ आले.

फोनवर फॉर्म पाठवायची सूचना बरेच जण करतात. पाठवा, पण फोन कुणाचा आहे ते आधी विचारा. नवऱ्याच्या फोनवर उघडणारा फॉर्म आणि सासूसमोरचा कागद, मला दोन्ही सारखेच.

बाळंतीण थोडीफार रडतेच की. आमच्या वेळी कुठे होते असले कागद?

आजी, अर्धं बरोबर आहे तुमचं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच डोळे भरून येणं, चिडचिड, हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं. दूध उतरतं, संप्रेरकं झपाट्याने खाली येतात, झोप नसते. साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. माणसांची साथ आणि झोप एवढंच औषध.

दोन आठवडे उलटले तरी ओसरत नाही, किंवा नंतर कधीतरी सुरू होऊन रोज, दिवसभर राहतं, ते नैराश्य. २०१७ मध्ये भारतातल्या ३८ अभ्यासांचा, वीस हजारांवर मातांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण २२ टक्के निघालं. त्यातले बरेच अभ्यास अशाच प्रश्नावल्यांवर आधारलेले होते, त्यामुळे आकडा थोडा सैल धरा. तरी चाळीत, सोसायटीत, नात्यात कुणी ना कुणी असणारच. तुमच्या वेळीही होतं. ‘तिला बाळंतवाताने घेरलं’, ‘नजर लागली’ असं म्हणायचे.

तिसरा प्रकार वेगळा आणि तातडीचा. हजार बाळंतपणांत एक-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, अचानक भ्रम होतात: झोपेची गरजच वाटत नाही, असंबद्ध बोलणं, बाळाबद्दल विचित्र ठाम समजुती, कानात आवाज. तिथे प्रश्नावली काढत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, रुग्णालयात न्या. १०८ ला फोन करा.

दीड महिन्यालाच का? आधी किंवा नंतर नाही?

प्रश्नावली बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी द्यायचा प्रघात आहे, आणि त्याच सुमाराला लसीसाठी आई दवाखान्यात येतेच, हा व्यवहार. पहिल्या पाच-सात दिवसांत कागद भरला तर तो साधा रडवेपणाच मोजतो. गरोदरपणातही हीच प्रश्नावली चालते, आणि चालवावी, कारण बऱ्याच जणींचं नैराश्य पोटात बाळ असतानाच सुरू झालेलं असतं.

पण मला विचाराल तर आपल्याकडे दुसरी वेळ जास्त महत्त्वाची: माहेराहून सासरी परतल्यावरची. दीड महिन्याला मुलगी बहुधा माहेरी असते. आईच्या हातचं जेवण, तेल-मालीश, शेक, बारशाची गडबड. कागदावर ६ किंवा ७. मग कपडे, पाळणा, खेळणी, सगळं सामान बांधून, गुजराती शेजारणी ज्याला जियाणुं म्हणतात तसं साग्रसंगीत ती सासरी जाते, आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. साडेतीन महिन्यांच्या लसीला आलेली तीच मुलगी ओळखू येत नाही. म्हणून त्या खेपेला मी पुन्हा कागद देते. दुसऱ्यांदा कशाला, असं कुणी विचारलं की म्हणते, बाळाचं वजन दर वेळी करतोच ना?

दहावा प्रश्न वाचूनच भीती वाटली. तो का विचारता?

स्वतःला इजा करून घ्यावी असं मनात आलं का, असा तो प्रश्न आहे. विचारल्याने तसं डोक्यात शिरत नाही. उलट अनेकजणी सुटल्यासारखा श्वास सोडतात, कारण तोवर कुणी विचारलेलं नसतं.

या प्रश्नाला ‘कधीच नाही’ सोडून कुठलंही उत्तर असेल तर एकूण गुण ३ असोत की २३, मी त्याच बैठकीत बोलते. ‘मेले तर बरं’ हे आपल्या बोलण्यात सहज येतं, भाजी करपली तरी येतं. म्हणून पुढे विचारावं लागतं: नुसतं वाटून जातं, की कसं करायचं तेही मनात येतं? घरात तसं काही हाताशी आहे? मागे कधी प्रयत्न केला होता? ‘कसं’ याचं उत्तर तयार असेल तर तिला एकटीला घरी पाठवत नाही. घरातलं एक विश्वासाचं माणूस तिच्याच सांगण्यावरून बोलावते आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे. रात्री-बेरात्री कुणीच नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६. चोवीस तास, फुकट, गुजरातीतही बोलतात.

मला बाळाबद्दल भयंकर विचार येतात. ते तर कागदावर नाहीच.

नाहीच, आणि ही या कागदाची मोठी उणीव आहे. गॅलरीत उभं राहिलं की ‘हातातून सुटलं तर?’, भाजी चिरताना सुरीकडे बघून नको ते चित्र. असे विचार पुष्कळ नव्या आयांना येतात. तुम्ही त्यांना घाबरता, सुरी लपवून ठेवता, गॅलरीत जायचं टाळता, म्हणजे ते तुम्हाला नको आहेत. याला उपचार आहे. विचार योग्यच वाटू लागले, किंवा कुणी तसं करायला सांगतंय असं वाटलं, तर तो वर सांगितलेला तातडीचा प्रकार.

दोनच प्रश्नांत होतं म्हणे?

होतं. गेल्या महिन्याभरात वारंवार उदास, निराश, सगळं संपल्यासारखं वाटलं का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? एवढेच दोन, हो किंवा नाही. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच सुचवलं आहे, कशाला तरी ‘हो’ आलं की मग लांब प्रश्नावली. गर्दीच्या दिवशी मीही तेच करते. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांचीही एक आहे, ती सगळ्याच रुग्णांना वापरतात. पण त्यात झोप, थकवा, भूक असल्यामुळे बाळंतिणीला फुकटचे गुण मिळतात.

मुलगी झाली म्हणून असं होतं का?

मुलगी झाली म्हणून नाही, मुलगी झाल्यावर घर कसं वागलं म्हणून. गोव्यातला २००२ चा अभ्यास आपल्याकडे नेहमी सांगितला जातो. त्यात सहा-आठ आठवड्यांच्या २३ टक्के आयांना नैराश्य आढळलं, आणि गरिबी, नवऱ्याकडून मारहाण आणि मुलाची आस असताना मुलगी होणं या गोष्टी त्याच्याशी जोडलेल्या निघाल्या. पेढ्याऐवजी जिलेबी वाटली की बर्फी, यावरून मी काही ठरवत नाही. पण ‘दुसरीही मुलगीच का?’ हे कोण म्हणालं ते विचारते. शिकलेल्या, नोकरीच्या, लाडाकोडातल्या मुलींनाही होतं, तेव्हा घरात कुणाचा दोष शोधत बसण्यात अर्थ नाही.

गुण जास्त आले. आता पुढे काय?

आधी रक्त. हिमोग्लोबिन, थायरॉइड, जमलं तर बी-१२. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं काही नवल नाही आणि ते हुबेहूब नैराश्यासारखं दिसू शकतं.

मग तज्ज्ञांची भेट. आपल्याकडे सयाजी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, खासगी डॉक्टर पुष्कळ आहेत. कारेलीबाग म्हटलं की जुन्या माणसांचा चेहरा पडतो. पडू दे. ओपीडीत बसलेले लोक तुमच्या-माझ्यासारखेच असतात, हातात टिफिनची पिशवी आणि फाईल.

सौम्य-मध्यम त्रासात ठरावीक पद्धतीचं समुपदेशन आधी. ते मानसशास्त्रज्ञानेच द्यावं असंही नाही. रावळपिंडीच्या खेड्यांत साध्या आरोग्यसेविकांना शिकवून दिलेल्या अशा उपचारांचा मोठा फायदा झाल्याचं २००८ मध्ये दिसलं होतं. त्रास जास्त असेल तर गोळी. अंगावर पाजत असताना बहुधा सर्ट्रालिन निवडतात, दुधातून बाळाकडे फारच थोडी जाते. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. शेजारणीची गोळी तर मुळीच नाही.

आणि घरच्यांसाठी एक औषध: रात्रीचं एक पाजणं दुसऱ्या कुणी तरी सांभाळावं, काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने. सलग पाच तास झोपलेली बाई वेगळीच दिसते.

‘वेडी’ असा शिक्का बसेल. बाळ काढून घेतील का?

नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उलट सांगतो: आईला भरती करावं लागलं तरी तीन वर्षांखालच्या मुलाला सर्वसाधारणपणे तिच्यापासून वेगळं करायचं नाही. आईकडून बाळाला धोका असेल तर तेवढ्यापुरतंच, आणि तेही तात्पुरतं. आमच्याकडचा कागद बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाला टाचत नाही, कारण ते कार्ड घरात सगळे बघतात.

हे सगळ्याच बाळंतिणींना विचारायला हवं का?

यावर जाणकारांचंही एकमत नाही. अमेरिकेत २०१६ पासून सरसकट चाळणीची शिफारस आहे. कॅनडाच्या समितीने २०२२ मध्ये नेमकं उलटं सांगितलं: सगळ्यांना प्रश्नावली देऊन गुणांची रेघ लावू नका, त्याऐवजी डॉक्टर-नर्सनी नेहमीच्या भेटीत आपुलकीने विचारा. मला दोन्ही पटतात, कारण दोन्हींना एक गोष्ट गृहीत आहे की पुढे कुणीतरी आहे. जिथे कागद भरून घेतात आणि फाईलीत लावतात, तिथे न विचारलेलं बरं. मी एका जागी असं होताना बघितलं आहे. दहाव्या प्रश्नाला ‘हो’ लिहिलेला कागद तीन आठवडे ट्रेमध्ये पडून होता.

आशाताई विचारू शकतात का?

शकतात, आणि त्यांच्याइतकं घरात शिरणारं दुसरं कोण आहे? दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात. बाळाचं वजन, ताप, नाळ बघतात. शेवटच्या दोन भेटींत ते दोन प्रश्न विचारले तर वेळ फार जात नाही. पण ‘हो’ आलं तर कुणाला फोन करायचा ते त्यांना आधी ठरवून द्या.

नवऱ्यानेही भरावा का?

भरावा. बापांनाही होतं. माझ्याकडे आत्तापर्यंत फार थोड्यांनी मागून घेतला, त्यातल्या एकाने गाडीत बसून भरला.

मी त्या दिवशी सगळं खोटं भरलं होतं. आता काय करू?

या. बाळाची लस नसली तरी चालेल, वजन करायचंय म्हणून सांगा घरी.